कॉफीचे स्कोन आणि अक्कांचा भाकरीचा हात

मैत्रिणींनो, आज मंडळात कॉफीचे स्कोन आणते म्हटलं होतं. डबा रिकामा का, ते सांगायला हा कागद फळ्यावर लावतेय.

स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किटाच्या मधला प्रकार. त्याचं पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं. मळलं की संपलं! सकाळी मैद्यात गार लोणी चोळलं, कडक कॉफी घातली, गोळा झाकला आणि ओव्हन तापेपर्यंत आंघोळीला गेले.

बाहेर येते तर बोदवडहून आलेल्या माझ्या मोठ्या नणंदबाई, अक्का, परातीवर वाकलेल्या.

"पीठ अर्धंच मयेल होतं वं. मी चांगलं मयून ठेवलं."

रोज वीस भाकरी थापणारा हात तो. पीठ रबरासारखं ताणलं जात होतं.

तरी भाजले. दगड झाले. अक्कांनी एक कॉफीत बुडवला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "मयलं नसतं तं अजून कडक झाले असते."

आणि मी काय म्हणाले? "हो ना अक्का, बरं झालं!"

सकाळपासून स्वतःवरच चिडलेय. "अक्का, हात लावू नका" हे कुणाला म्हणता आलंय का? आलं असेल तर कसं, ते याच कागदाखाली लिहा. अक्का रविवारपर्यंत आहेत.