फणसाच्या फळीची गिटार

१९८४ साली राजापुरात गफूर घरीच रेडिओ दुरुस्त करायचा. ऑर्केस्ट्रात एकदा इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि त्याला ध्यासच लागला. फणसाच्या फळीतून त्याने गिटार कोरली, तारा ताणल्या. पण तारांची थरथर विजेत बदलण्यासाठी त्यांच्याखाली बसवायच्या चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळताना ती सारखी तुटायची.

"माझ्या शिलाई मशीनवर बॉबिन भरते, तशी भरूया की!" बायको हफीजा म्हणाली.

तिने चाक अलगद फिरवलं, त्याने तार धरली. गुंडाळी न तुटता भरली! घाईघाईने त्याने ती बसवून वायर रेडिओला जोडली.

"तूच छेड."

हफीजाने बोट फिरवलं आणि रेडिओ असा दणाणला, की मांडणीवरच्या बशा किणकिणल्या.

"या अल्ला!" ती हसत ओरडली. "थांबा, अजून एकदा!"