हवा तपासून घ्यावी

नारायण मिस्त्री गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. बदलापूरकडचे एक म्हातारे दूधवाले माझ्या ठाण्याच्या ऑफिसात आले, जिना चढून धाप लागली होती, आणि दारातूनच म्हणाले, "बीएस्सी, आपला मिस्त्री गेला." मला त्या नावानं हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली असतील. मिस्त्रींची छाती बरीच वर्षं धरली होती, शेवटी सिमेंटनंच घेतलं त्यांना... महिना होत आला. इतके दिवस मी हा लेख लिहायला घेतो आणि ठेवून देतो.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका खोलीच्या घरात वाढलो. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर होते, आई शाळेत गेलेली नाही. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन पास झालो आणि एका छोट्या संस्थेत गोबरगॅसच्या कामावर लागलो. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत गावोगाव टाक्या बांधून झाल्या होत्या. कागदावर सगळ्या 'पूर्ण' होत्या, प्रत्यक्षात निम्म्या बंद पडलेल्या. बांधणारा निघून गेला की पाईप गळल्यावर विचारायचं कोणाला? प्रत्येक गावात एक माणूस शिकवून तयार करायचा, आणि त्या सगळ्यांच्या पाठीशी एक जाणता मिस्त्री उभा करायचा, असं आमचं काम होतं. तो मिस्त्री म्हणजे नारायण मिस्त्री.

मी उत्साहानं नकाशा काढला, तक्रारीसाठी पोस्टकार्डं छापायची ठरवलं. मिस्त्री हसले. "बीएस्सी, तुझं पोस्टकार्ड पोचेस्तोवर बाई चूल पेटवून भाकऱ्या थापून मोकळी होईल." मग त्यांनी दूधवाले हाताशी धरले. रोज पहाटे गावागावांतून बदलापूर स्टेशनला दुधाचे कॅन यायचे. ज्या घरचा गॅस बंद, त्या घरच्या कॅनच्या कडीला चिंधी बांधायची. पाईप गळत असेल तर पांढरी, टाकीचं काही असेल तर लाल. मिस्त्री स्टेशनबाहेर चहा पीत कॅन बघायचे आणि दुपारपर्यंत त्या गावात हजर. वर्षभरात चौदा गावं अशी जोडली गेली. काही गावांत पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी मला आडनाव विचारलं जायचं. मी उत्तर देण्याआधी मिस्त्री म्हणायचे, "बीएस्सी त्याचं आडनाव. आन पानी." आणि आधी मला प्यायला लावून त्याच तांब्यानं स्वतः प्यायचे.

मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती, म्हणून माहितीचं पत्रक मी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. 'टाकीत उतरण्यापूर्वी आतील हवा तपासून घ्यावी,' या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं. "कशी तपासायची, ते पन लिव की." शिकवताना ते स्वतः सांगत, झाकण काढून टाकी दोन दिवस उघडी ठेवायची, मग टोपलीत कोंबडीचं पिल्लू बसवून आत सोडायचं, ते जगलं तर माणसानं उतरायचं. छापील पत्रकात कोंबडीचं पिल्लू मला गावठी वाटलं. मी म्हणालो, "ते समजतं हो मिस्त्री, आणि जागाही नाही." त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला जास्त कळतं, असं त्यांना वाटत असे. मलाही वाटत असे.

वांगणीजवळच्या एका गावात किसन नावाचा शेतकरी होता. लावणी चालू असल्यानं तो शिकवणीला आला नव्हता. चौथी शिकलेला होता, म्हणून मी पत्रक त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, "यात सगळं आहे." पुढे त्याची टाकी तुंबली. त्यानं झाकण काढलं, पत्रक वाचलं, आणि हवा तपासली. त्या भागात हवा तपासतात ती विहिरीची. गाळ काढायला उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं आत सोडायचा. विझला तर हवा वाईट. किसननं टाकीत कंदील सोडला...

भडक्यात भाजलेला तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. अंगणात सगळा गाव बसला होता. किसनच्या भावानं पत्रक पुढे धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, कागद उलटा होता. "ह्ये कुनी लिवलंय?" मी मान खाली घातली. मिस्त्री उभे राहिले. "मी सांगितलं तसं या पोरानं उतरवून घेतलं. चूक माझी हाय." परतताना बांधावर मी रडायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची, तुझ्या घरात शिकल्याला पयला तू. माझी काय, थापी कुठंबी चालंल."

थापी कुठेच चालली नाही. दुसरं पत्रक त्यांनी माझ्याकडून शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलं, त्यात पिल्लूही आलं आणि 'बत्ती नेऊ नका' हेही. ते वाटायला आम्ही फिरलो तेव्हा लोक कागद घ्यायचे आणि मिस्त्रींच्या तोंडावर दार लावायचे. कॅनला चिंध्या यायच्या बंद झाल्या. घर बांधायलाही त्यांना कोणी बोलवेना. वांगणीच्या नव्या इमारतींवर ते सिमेंट कालवायला जाऊ लागले. मी वर्षभरात ठाण्याला बदली घेतली. पुढे बढती मिळाली. दर दिवाळीला त्यांना भेटायला जायचो, त्या अंगणाचा विषय दोघंही काढत नसू.

परवा मिस्त्रींच्या बायकोला, काकींना, भेटायला गेलो. त्यांचा गॅस अजून चालू आहे, बहुधा चौदा गावांतला शेवटचा. चहा ठेवताना काकींनी आधी काडी ओढली, मग चावी फिरवली. "आधी काडी, मग चावी. उलटं केलं की वरडायचे," त्या म्हणाल्या. मी तिथेच, ओट्याशी उभा राहून, सगळं सांगितलं. वाक्य माझं होतं. पिल्लू मी गाळलं होतं. काकींनी चावी बंद केली.

"मला बी नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ह्यांच्या हातनं मानूस मेला. भांडन झालं की मी त्येच तोंडावर मारायची... ऐकून घ्यायचे."

मग त्यांनी पुन्हा काडी ओढली, चावी फिरवली, चहा उकळला आणि कप माझ्यासमोर ठेवला. स्वतः बसल्या नाहीत. "मला सांगून काय उपेग? तिकडं जाऊन सांग," एवढंच म्हणाल्या.

हा लेख छापून येईल, ओळखीचे लोक वाचतील. किसनच्या भावाला वाचता येत नाही. त्याच्या अंगणात उभं राहून हे मला तोंडानं सांगावं लागणार आहे. रविवारी जातो आहे.