ऑक्सिजनचा सिलिंडर

बाबांच्या पलंगाशेजारचा ऑक्सिजनचा सिलिंडर आई रोज सकाळी दोन्ही हातांनी हलवून बघायची. स्वयंपाकघरातला गॅस ती आयुष्यभर असाच बघत आली होती. आत डचमळलं, की उरलाय.

"अहो, आवाजच येत नाही. संपला की काय?"

बाबांनी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं. मास्क बाजूला करून, धापा टाकत म्हणाले, "अगं, प्रत्येक वायूचं क्रांतिक तापमान ठरलेलं असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. ऑक्सिजनचं तर बर्फाच्याही कितीतरी खाली. इथे तो वायूच राहणार. तू काटा बघ."

काट्यावर तिचा विश्वास बसला नाही. ती हलवत राहिली, मी चिडत राहिलो. वर्षभर सगळा भार तिच्यावर होता, पण ती एकदाही रडली नाही. माणसांचंही असं एखादं तापमान असावं, ज्याच्या पलीकडे दुःख कितीही दाबलं तरी डोळ्यांपर्यंत येत नाही.

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी माणूस सिलिंडर न्यायला आला. काटा अजून निम्म्यावर होता.

"थांबा जरा," आई म्हणाली. तिने सिलिंडर हलवला, कान लावून ऐकलं.

"संपलाय. न्या."

मी तिची चूक सुधारली नाही.