गाडीत बोलायचं नाही

आख्ख्या शहादा तालुक्यात गाडीत कमी बसलेला आणि गाडीखाली जास्त झोपलेला माणूस हुडकायचा असेल तर फार फिरावं लागणार नाही. ब्राह्मणपुरीत शिरायचं आणि कुणाच्या ओट्यासमोर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेत तेवढं बघायचं. ते पाय माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जातो तेव्हा आधी त्या पायांना नमस्कार करतो, ताई आतून पाणी आणून देते, आणि चेहरा दिसायला कधी कधी जेवणाची वेळ होते. तोवर गाडीखालून विचारपूस चालू असते. "पाव्हना, बराबर शे ना समदं?" असा प्रश्न येतो आणि त्यामागून एक पाना सरकत येतो, कारण तो नको असतो, दुसरा हवा असतो.

दाजी हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. आता निवृत्त झालेत, घरची पपई आणि थोडा ऊस बघतात. पण नळ्या, बर्नर आणि बाटल्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाच्या अंगात एक खोड कायमची मुरते. कुठलीही वस्तू जशी आहे तशी बरी आहे, हे त्यांना पटतच नाही. त्यांची गाडी जुनी, चार दारांची, मूळची पांढरी. तिला मेकॅनिकचा हात लागलेला त्यांना खपत नाही. घरचं माणूस असताना परक्याकडे कशाला, असं त्यांचं म्हणणं असतं, आणि ते असं काही म्हणतात की समोरच्याला वाटावं, आपण गाडीला सासुरवासच करायला निघालो होतो.

गाडीचा जो भाग निकामी होईल तिथं शेतातला ठिबकचा तुकडा बसतो, हा त्यांच्या कारागिरीचा पाया. पपईला पाणी देणारी काळी नळी त्यांच्या बोनेटखाली कुठून निघते आणि कुठं जाते हे त्यांचं त्यांनाच माहीत. समोरच्या काचेवर पाणी उडवणारी पिचकारी बंद पडली तेव्हा त्यांनी तिच्या जागी ठिबकचा ड्रिपरच बसवला. काचेवर थेंब थेंब पाणी पडायचं. एक थेंब पुसला की दुसऱ्याची वाट बघायची. मी हसलो तर म्हणाले, "पानीनी बचत व्हस." रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, टाकीला चीर गेली की कपड्याचा साबण घासायचा, हे तर नित्याचंच. गाडी तापली की आमच्या सगळ्यांच्या पोटात भूक उठायची, कारण पुढून फोडणीचा वास यायचा. ताईनं स्वयंपाकघरात हळदीचे दोन डबे केले होते, एक घरचा आणि एक गाडीचा. दाजी कुठल्या डब्यात हात घालतील याचा नेम नव्हता.

एसी बंद पडला त्या उन्हाळ्यात तर कहर झाला. मागच्या दोन्ही खिडक्यांना त्यांनी कूलरचा वाळा बांधला, वर ठिबकची नळी सोडली आणि डिक्कीत पाण्याचा कॅन ठेवला. खानदेशचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला कळेल, मी किती आनंदानं त्या गाडीत बसलो असेन. गारवा खरोखर आला. फक्त पाणी खिडकीतून खाली न जाता सीटमधून आलं. दोंडाईच्याच्या लग्नात मी मागून ओला आणि पुढून कोरडा असा मांडवात शिरलो आणि जेवणं होईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दाजींनी मला बाजूला घेऊन फक्त एवढंच विचारलं, "पन गार वाटनं का नही?"

हे सगळं एक वेळ परवडलं, पण त्यांचा एक नियम सोसवत नसे. गाडीत बोलायचं नाही. कारण दाजी गाडी हातांनी नाही, कानांनी चालवत. घरी उभ्या गाडीचं इंजिन चालू करून बोनेट उघडत, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, "तिसरा नंबर कन्हत शे." तिसरा नंबर म्हणजे काय ते मला आजही ठाऊक नाही, पण ते तिथंच पाना लावत आणि निम्म्या वेळा तरी कण्हणं थांबत असे, हे मी कबूल करतो. गावातले लोक आपल्या मोटरसायकली नुसत्या ऐकवायला आणत. ही ऐकण्याची देणगी रस्त्यावरही चालू राही. म्हणून गाडीत रेडिओ नाही, गप्पा नाहीत, खोकलासुद्धा ठसका लागल्याशिवाय नाही.

माझं नवीन लग्न झालं होतं. माझी बायको पहिल्यांदाच त्या गाडीत बसली आणि बिचारी सहज बोलून गेली, "दाजी, यंदा ऊस छान आलाय हं तुमचा." दाजींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हात जोडून मागे वळले आणि अगदी आदरानं म्हणाले, "बोला, काय म्हनी ऱ्हायन्यात?" तिनं घाबरत घाबरत उसाचं पुन्हा सांगितलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, बेणं कुठून आणलं तेही सांगितलं, मग विचारलं, "झायं?" ती हो म्हणाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी तिनं तोंडाला जे कुलूप लावलं ते थेट घरी आल्यावरच उघडलं, आणि मग सगळं माझ्याच वाट्याला आलं.

ताईचं मला फार वाईट वाटायचं. ती बडबडी. माहेरी असताना झोपेतसुद्धा बोलायची. आणि तिच्या नशिबी ही मुकी गाडी आली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ती हातात रुमाल घेऊन समोर बघत बसायची, रस्त्यात काही दिसलं की तिचे ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा नाही. गाडीतून उतरली की शहाद्यापासूनचं साठलेलं सगळं एका दमात सांगून टाकायची, आणि तोवर दाजी बोनेट उघडून आत वाकलेले असायचे.

अलीकडे, एक-दोन वर्षांत, दाजी गाडीचं फार कौतुक करायला लागले. "आते कशी लोन्यासारखी चालस," म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो, कारण आम्हाला तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त खडखडताना ऐकू यायची. पण गाडीच्या बाबतीत दाजींपुढे आपण काय बोलणार? त्यांच्या कानांवर आमचा आमच्या कानांपेक्षा जास्त विश्वास होता.

मग नंदुरबारला चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा निघाला. मी आणि बायको आदल्या दिवशीच ब्राह्मणपुरीला आलो होतो, म्हणून चौघं दाजींच्याच गाडीनं निघालो. घरापासूनच पुढच्या चाकातून घर्रघर्र ऐकू येत होती. शहादा मागे पडलं तसा आवाज वाढला, इतका की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायला लागलं. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. मी ताईकडे बघितलं, ताई समोर बघत होती. आम्हा तिघांच्याही मनात एकच, की दाजी ऐकतायत, आता थांबवतील, आता सांगतील. दाजींचा चेहरा मात्र शांत होता, तृप्त म्हणावा असा. प्रकाशा गेलं, गाडी तापीच्या पुलावर चढली आणि मधोमध चाकानं एक किंकाळी फोडून दम सोडला. धूर निघाला, जळका वास सुटला, गाडी जागेवर आडवी झाली.

मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एक ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि दाजींच्या तोंडासमोर येऊन ओरडला, "काका, शहादापासून हॉर्न देई ऱ्हायनू मी. बेअरिंग जळी ऱ्हायनं ते आयकू नही उनं का तुम्हले?"

दाजी ताईकडे वळले. "कवयपासून वाजी ऱ्हायनं व्हतं?"

"घरपासून," ताई म्हणाली.

"मंग सांगं काब्र नही?"

"तुम्हीनच तं सांगेल शे. गाडीमा बोलानं नही."

ताईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरं तेच ती सांगत होती, आणि सांगता सांगताच तिला उमगलं असावं, कारण तिनं पदर तोंडाला लावला. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. खाली तापीचं पाणी, मागे हॉर्नचा कल्ला, आणि त्या कल्ल्यात दाजी असे उभे होते की त्यांना त्यातलं काही ऐकूच येत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान जवळजवळ गेला, डावा अर्धा उरलाय आणि तोही हळूहळू उतरत जाईल. मशीन लावून दिलं. मशीन लावल्यावर ताटल्यांचा आवाज ढगफुटीसारखा येतो, अशी दाजींची तक्रार. यात थोडी सुधारणा करायला हवी, म्हणून त्यांनी ते मशीन बारीक पेचकसानं उघडलं. पुढचं सांगायला नको. मशीननं एकदा शिट्टी मारली आणि कायमचं मौन धरलं. दाजींच्या हातून वस्तू बिघडल्यावर ते नेहमी दुप्पट उत्साहानं तिच्या मागे लागतात. या वेळी त्यांनी ते तुकडे डबीत घातले आणि डबी ताईकडे दिली.

बेअरिंग बदलून गाडी घरी आली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. मोटरसायकल ऐकवायला आलेल्याला दाजींनी शहाद्याच्या गॅरेजचा पत्ता सांगितला. मी भेटायला गेलो तेव्हा पहिल्यांदाच दाजींचा चेहरा आधी दिसला, ओट्यावर बसलेला, आणि मला ते बघवलं नाही. म्हणाले, "विकी टाकू गाडी. मन्हं काम आयकानं व्हतं. तेच गयं." मी काहीतरी समजावायला गेलो तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. नंतर एकदा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाली, "भाऊ, घरमा हळद उरी ऱ्हायनी रे." आणि रडायला लागली. मला तिचं बोलणं नीट कळलं. दाजींचं असं बसून राहणं असंच चाललं तर त्या माणसात काही शिल्लक राहणार नाही, याची तिला धास्ती होती, आणि मलाही.

गाडी घ्यायला एक गिऱ्हाईक आलं, मुलाला गाडी शिकवायला जुनी हवी होती म्हणून. मी तेव्हा तिथंच होतो. दाजींनी ताडपत्री काढली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, पाहुणीला निरोप द्यायला उभं राहावं तसे. गिऱ्हाइकानं गाडी चालू केली, थोडं ऐकलं आणि म्हणालं, "आवाज बरा शे."

ताई पाण्याचे दोन पेले घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. "बरा कसाले?" म्हणाली. "टिकटिक करी ऱ्हायनं ना." आणि मग दाजींच्या डाव्या बाजूला येऊन, कानाशी तोंड नेऊन, जोरात म्हणाली, "टिकटिक करस! वेलदोडा कुटतस तशी!"

दाजींनी मान वर केली. "कोठे?"

"तुम्हना हात शे त्याना मांगे."

त्यांनी हात सरकवला. "आठे?"

"अजून मांगे. हां."

"गाडी तापनी का वाढस का कमी व्हस?"

ताईनं पेले माझ्या हातात कोंबले आणि इंजिनाकडे कान करून उभी राहिली. आम्ही तिघं पुरुष तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "कमी व्हस."

"टॅपेट," दाजींनी इंजिनातल्या दुखऱ्या पुर्जाचं नाव घेतलं. मग तिच्याकडे बघत राहिले. "तुले कसं समजनं?"

"इतला वरीस त्या सीटवर बठीसन मी दुसरं काय करं?" ताई म्हणाली. "बोलू दिन्हं नही तुम्ही. मंग आयकं."

दाजींनी गिऱ्हाइकाला हात जोडले. गाडी आजारी आहे, आता देता येणार नाही, असं सांगून ते पाना आणायला आत गेले. गिऱ्हाइकानं दोन्ही पेले पाणी पिऊन टाकलं आणि माझ्याकडे बघून निघून गेलं.

आता त्या गाडीत कुणाला बोलायला जागा मिळत नाही, इतकी ताई बोलते. नियम उलटा झालाय. मागच्या चाकात खडा अडकला, ती सांगते. ब्रेक दाबल्यावर मांजर ओरडल्यासारखं होतं, ती सांगते. आणि मधल्या वेळात शेजारची सून माहेरी गेली ते, पपईचा भाव पडला ते, मला पाहून तिला आमची आई कशी आठवते तेही सांगते. कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं हे निवडायची सोय दाजींना नाही. ते डावा कान तिच्याकडे करून सगळंच सारख्या गांभीर्यानं ऐकतात आणि मान डोलवतात. सुनेचं ऐकून एकदा त्यांनी गाडी थांबवली आणि बोनेट उघडलं, अशी ताईची तक्रार आहे, पण ती तक्रार करताना ती जे हसते ते मी तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं.

परवा त्यांच्याबरोबर पुरुषोत्तमनगरकडून येत होतो. मी मागे बसलो होतो. डावा कान आता बराच उतरलाय, हे मला घरीच जाणवलं होतं. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची धडधड होती, पुढून कसलीशी चिरचिर ऐकू आली आणि ताईनं ती दोनदा मोठ्यानं सांगितली. दाजींना ती ऐकू गेली नाही. ते "काय?" म्हणाले, पुन्हा "काय?" म्हणाले, आणि त्यांचा चेहरा तसा व्हायला लागला जसा ओट्यावर बसलेला मी पाहिला होता. ताई एकदम बोलायची थांबली. गियरवर दाजींचा हात होता. तिनं आपला हात त्यावर ठेवला आणि बोटांच्या टोकांनी वाजवून दाखवायला लागली, भरभर, बारीक, मध्येच थोडं थांबून पुन्हा. ताईनं आपल्या नवऱ्याचा हात माणसांसमोर धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"पट्टा ढिला शे," दाजी म्हणाले.

ताईनं त्यांचा हात एकदा दाबून हो म्हटलं. थोड्या वेळानं चिरचिर आपोआप बंद झाली. तिची बोटं मात्र ब्राह्मणपुरी येईपर्यंत तिथंच वाजत होती.