उणकलला उतरायचं नाही

सत्तरच्या दशकात हुबळीच्या बाजारात माझ्या सासरचं भांड्यांचं दुकान होतं आणि मी धारवाडच्या एका शाळेत नव्याने शिक्षिका म्हणून लागले होते. रोज सकाळी बसने जायचं. सुनेने नोकरी करावी असं घरात फक्त सासऱ्यांना वाटत होतं, पण त्यांना वाटलं म्हणजे झालं. मी त्यांना अप्पा म्हणत असे.

एके सकाळी बस उणकलजवळ आली आणि काही कारण नसताना माझा श्वास अडकला. हात गार पडले, छाती धडधडायला लागली, आता आपण मरणार याची खात्रीच पटली. मी धडपडत उणकलच्या थांब्यावर उतरले, झाडाखाली बसले आणि थोड्या वेळात सगळं ठीक. उतरले म्हणून वाचले, असं मी मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा तेच. मग तर घरातून निघतानाच उणकल डोळ्यांपुढे यायला लागलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, काहीच निघालं नाही. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "हिला धारवाडला न्या." आमच्याकडे याचा अर्थ एकच, तिथलं वेड्यांचं इस्पितळ. मी म्हटलं, "मावशी, मी रोज धारवाडलाच निघते, पोचत नाही हीच तर रड आहे." हसण्यावारी नेलं खरं, पण ते बोलणं मला फार लागलं.

अप्पांनी त्यांच्या परीने उपाय काढला. माझ्या बसच्या आधी स्कूटरवरून उणकलला येऊन उभे राहायचे. थर्मासमध्ये चहा, खिशात हुंगायला कांदा. मी उतरले की चहा पाजायचे आणि स्कूटर तिथेच लावून पुढच्या बसने मला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचे. त्यांचं दुकान उशिरा उघडायचं आणि मी शाळेत उशिरा. शेवटी मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीनंतरही असंच चाललं तर दुसरी बाई पाहावी लागेल. त्यांनीच मला त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापिकाबाईंकडे पाठवलं.

त्या बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि शाळा सुटण्याच्या वेळेला घरच्या व्हरांड्यात माझ्यासारख्यांशी बोलायच्या. समुपदेशन हा शब्दही मी तेव्हा ऐकला नव्हता. मला वाटलं होतं गोळी देतील. त्यांनी विचारलं, "सकाळी खाऊन निघतीस काय?" मी उलटीच्या भीतीने उपाशीच निघत होते. झोपेचं विचारलं, घरात कुणाशी मोकळं बोलतेस तेही विचारलं. मग म्हणाल्या, "श्वास अडकला की मनात काय येतंय?"

"मरणार."

"मग काय करतीस?"

"उतरते. उतरलं की बरं वाटतं."

"म्हणजे मनाला रोज तूच शिकवतीस, उतरले नसते तर मेले असते म्हणून. न उतरता भीती ओसरते का नाही, हे तू कधी बघितलीसच नाहीस." मला राग आला.

"भीती येऊ दे," त्या म्हणाल्या. "तिला शेजारी बसवून धारवाडपर्यंत घेऊन ये. आणि उणकलला कोण भेटतंय?" मी अप्पांचं सांगितलं. "त्यांना सांग, येऊ नका. ते उभे आहेत तोवर तू उतरणारच."

सासऱ्यांना असं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण नोकरी मला हवी होती, आणि दर सकाळी मरणं आता पुरे झालं होतं. त्या संध्याकाळी ते दुकानातून आल्याबरोबर मी सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं काय गं?"

"चुकलं नाही अप्पा. तुम्ही दिसलात की मला उतरावंसं वाटतं."

खिशातला कांदा काढून त्यांनी स्वयंपाकघरातल्या टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी पोटभर भाकरी खाऊन निघाले. विद्यानगर गेलं. उणकल आलं आणि श्वास ठरल्यासारखा अडकला. कंडक्टर मला आता ओळखत होता. "इळीतीरेनरी, अक्का?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. उतरणार का? मी समोरचा दांडा घट्ट धरून खिडकीबाहेर पाहिलं, तर अप्पा उभे! इतकं सांगूनही आले होते. पण रस्त्याकडे पाठ करून, उणकलच्या तळ्याकडे तोंड करून उभे होते. बस थांबली तरी त्यांनी मान वळवली नाही.

ओठांवर आलेलं 'हो' मी गिळलं. "इल्ल. धारवाड," म्हटलं. बस सुटली. पुढे बराच वेळ छाती धडधडत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी दांडा सोडला नाही. मग ती धडधड आपोआप कमी होत गेली. शाळेची घंटा व्हायच्या आत मी फाटकात होते.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई कुरकुरत होत्या, दुकान आज दुपारी उघडलं म्हणून. मी अप्पांना विचारलं, "माझी बस तर वेळेवर गेली होती. मग दुपारपर्यंत तिथे काय करत होता?"

"मागं वळून बघायचं नाही असं ठरवलो होतो," अप्पा म्हणाले. "मग तुझी गाडी कुठली, गेली का यायची आहे, मला काय कळणार? तू हाक मारशील म्हणून उभा राहिलो. मारली नाहीस. बरं वाटलं बघ."