लढाईच्या माळावरची घागर

मुरगूडजवळच्या आमच्या माळावर कधीकाळी लढाई झालेली. तिथं तहानेनं मेलेले शिपाई भरदुपारी पाणी मागतात, म्हणून हाक आली की बांधावरच्या कोरीव दगडावर पाणी ओतायचं आणि मागं न बघता निघायचं, ही सासूची शिकवण. सत्तर सालच्या आसपास मी नवी सून होते. एका दुपारी उसातनं हाक आली, "पाणी द्या की!" आवाज ओळखीचा वाटला. मी वळले, तर सासूनं दंड आवळला. "मागं बघू नगंस!" तिनं अख्खी घागर दगडावर रिकामी केली.

संध्याकाळी त्याच उसाच्या कडेला उलटलेल्या बैलगाडीखाली आमचा गडी मेलेला सापडला.

सासू म्हणाली, "एक घागर पुरली न्हाय त्यास्नी."

दुसऱ्या दिवसापासनं मी मुकाट दोन न्यायला लागले.