दुसऱ्या टोकाचा आकडा

केबलच्या कर्वेनगरच्या टोकाला मशीनच्या पडद्यावरची रेघ त्या जोडापाशी एकदम खाली उतरली आणि सुपरवायझर म्हणाले, "झालं. गेला हाही."

फायबरचे जोड तपासणं हे माझं काम. केबलच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा, वाटेतल्या जोडापाशी तो किती कमी होतो ते पडद्यावर बघायचं आणि जोड पास की नापास ते सांगायचं. हा जोड करणारे काका वाघोलीहून येत. फायबर सोलणं, पुसणं, कापणं, वितळवून सांधणं, सगळं ते न बोलता करत. मला त्यांच्याबरोबर बरं वाटे, कारण त्यांच्याशीही बोलावं लागत नसे. त्यांचे दोन जोड नुकतेच नापास झाले होते. हा तिसरा गेला तर उद्यापासून दुसरा माणूस, हे सुपरवायझरनी त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं होतं.

"सर, दुसऱ्या टोकाकडूनही बघायला हवं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

त्या जोडात एका बाजूला जुन्या साठ्यातली केबल होती. वेगळ्या बनावटीचे दोन फायबर जोडले की एका टोकाकडून घट उगीच मोठी दिसते आणि दुसऱ्या टोकाकडून प्रकाश चक्क वाढल्यासारखा दिसतो. दोन्हींची सरासरी काढली की हा भास जातो आणि मागे उरतं ते फक्त जोडणाऱ्याच्या हाताचं काम. कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं.

"म्हणजे आता स्वारगेट," सुपरवायझर म्हणाले. "या ट्रॅफिकमध्ये. छान. येताना मंडईतून भाजीही घेऊ."

गाडीत काका एकदाच बोलले. "ताई, जोड चांगला हाय."

स्वारगेटला रेघ खरंच वर गेली. काका पडद्याकडे बघून हसले. मी सरासरी काढली. घट मर्यादेच्या किंचित वर. पुन्हा काढली. तीच.

"थोडं जास्त येतंय," मी म्हणाले.

"पास का नापास ते सांगा. 'थोडं' असा शेरा मला पुढे पाठवता येत नाही."

काका आता माझ्याकडे बघत होते. "तुमीच म्हनला ना, हिकडनं बघू?"

"नापास," मी म्हणाले.

त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि बस डेपोकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला. त्याने तो जोड कापून नव्याने केला. मी दोन्ही टोकांकडून तपासला. आकडा जवळजवळ तोच. त्याने परत केला, तरी तोच. आता मात्र शंका उरली नाही. ते दोन फायबरच एकमेकांपासून इतके वेगळे होते की कोणीही जोडले तरी तेवढी घट राहणार होती. सरासरीत भास गेला होता, पण मागे उरलेलं सगळं काकांच्या हातचं नव्हतं.

जोडणाऱ्याची चूक नाही, जुनी केबल बदला, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. सुपरवायझरना म्हटलं, "सर, काकांना परत बोलवा ना."

"मी? नापास मी म्हणालो होतो का? नंबर देतो, तुम्हीच बोला."

मी सहसा कोणाला फोन करत नाही, मेसेज टाकते. हे मेसेजमध्ये लिहिता येईना. जिन्यात जाऊन फोन लावला.

"काका, मी टेस्टिंगवाली. तुमचा जोड बरोबर होता. केबलच तशी होती."

"ते म्या गाडीतच सांगितलं व्हतं."

"परत याल का? मी सरांशी बोललेय."

मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "तपासनार तुमीच ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या, ताई."